एका जागी बसा, पक्षी येतील

गोव्यात पक्ष्यांचे फोटो काढावेत असं मनात आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला घेऊ? मग कुणीतरी सहाशे मिलिमीटरच्या लेन्सचं नाव सांगतं आणि तिची किंमत ऐकून निम्मे लोक तिथेच थांबतात. उरलेल्यांपैकी कुणाकडे पहाटे मोलेच्या रानात पोचायला गाडी नसते, कुणाला चढ चढवत नाही, कुणाला घरून एकटीला सोडत नाहीत. शेवटी गळ्यात कॅमेरा अडकवून रानात दिसणारी माणसं बहुतेक एकाच वयाची आणि एकाच कमाईची निघतात.

इथे दोन गोष्टी समजावून सांगायच्या आहेत. पक्ष्याचा चांगला फोटो कशामुळे येतो, ही पहिली. निसर्ग सगळ्यांसाठी खुला करायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ही दुसरी. मला वाटतं, दोन्हींचं उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. पक्ष्यामागे फिरणं सोडावं आणि एक चांगली जागा धरून बसावं. त्याने फोटो सुधारतो आणि पक्ष्याला त्रास कमी होतो. शिवाय ज्यांना लांब चालवत नाही किंवा ज्यांच्याकडे घटकाभराचाच वेळ आहे, त्यांनाही त्यात जागा मिळते.

पक्षी उडतो कधी?

प्रत्येक पक्ष्याभोवती न दिसणारी दोन वर्तुळं असतात असं समजा. बाहेरच्या वर्तुळात तुम्ही शिरलात की पक्षी सावध होतो: खाणं थांबवतो, मान ताणतो, तुमच्याकडे एक डोळा लावून बसतो. आतल्या वर्तुळात शिरलात की उडतो. ही अंतरं जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतात. पणजीच्या मासळी बाजाराजवळची घार माणसाला जेमतेम मोजते. तीच घार खाडीकाठच्या निर्जन शेतात, म्हणजे खाजनात, तुम्हाला लांबूनच टाळते. वाड्यातला दयाळ अंगणात तुमच्या पायाशी येतो, पण रानातला कर्णा (मलबार ट्रोगन) पान हललं तरी झाडामागे सरकतो.

आपण चालत जवळ जातो तेव्हा पक्ष्याच्या दृष्टीने एक मोठा प्राणी थेट त्याच्या दिशेने येत असतो. शिकारी प्राणी तसाच येतो. त्यामुळे आपला हेतू कितीही चांगला असला तरी पक्ष्याचं शरीर पळायच्या तयारीला लागतं. बसलेल्या माणसाचं तसं होत नाही. तुम्ही आलात, खाली बसलात, हालचाल थांबवलीत, की हळूहळू तुम्ही त्या जागेचा भाग होता. मग अंतर पक्षी ठरवतो. तो आपणहून जितका जवळ येतो, तितका जवळ तुम्ही चालत जाऊन क्वचितच पोचला असता.

करमळीचं तळं हे बघायला उत्तम. कोकण रेल्वेचं करमळी स्थानक तळ्याला अगदी लागून आहे, म्हणजे गाडी नसलेल्या माणसालाही इथे येता येतं. तळ्याच्या कडेला थांबलात की आधी सगळं रिकामं वाटतं, कारण जवळचे पक्षी तुम्हाला पाहून पानांआड सरकलेले असतात. थोड्या वेळाने पाण्यावरच्या पानांवरून चालत एक कमळपक्षी बाहेर येतो. त्याची बोटं आणि नखं शरीराच्या मानाने एवढी लांब की अंगाचा भार अनेक पानांवर विभागला जातो आणि पान बुडत नाही. तो एक पाय उचलतो, बोटं मिटतो, पुढच्या पानावर ती पुन्हा पसरतो, मग चोचीने पानाची कड उलटून खालचा किडा टिपतो. काशासारखे चकाकणारे पंख असलेल्या कमळपक्ष्यात मादी मोठी असते, एकापेक्षा अधिक नरांशी जोडी जमवते, आणि अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. गरज पडली तर तो पिल्लांना पंखाखाली दाबून उचलूनही नेतो. हे वागणं पाहायला मिळतं ते बसणाऱ्याला. चालत्या माणसाला पक्ष्याची पाठ दिसते, तीही उडताना.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त बाई आहेत. शाळेत शिकवायच्या, आता चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांचे करमळीचे फोटो आमच्यापैकी बहुतेकांच्या फोटोंपेक्षा चांगले येतात आणि त्याला सरळ कारण आहे. त्यांचा कॅमेरा उभ्या माणसाच्या कॅमेऱ्यापेक्षा दीड-दोन फूट खाली असतो, त्यामुळे तो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीजवळ येतो. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसता चिखल दिसतो. खालून काढलेल्या फोटोत मागची झाडं लांब जातात, धूसर होतात, आणि पक्षी उठून दिसतो. शिवाय बाई जागा सोडत नाहीत, म्हणून अडई बदकांचा थवाही पोहत त्यांच्या समोर येतो. मुंबई-दिल्लीहून आलेली मंडळी गुडघ्यावर बसून जी उंची शोधत असतात, ती बाईंना आयतीच मिळालेली असते.

भरती-ओहोटी पाहून निघा

कुठे बसायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कधी बसायचं हेही. गोव्यात किनाऱ्यावर आणि खाडीत ते भरती-ओहोटी ठरवते. आपल्याकडे दिवसातून साधारण दोनदा भरती, दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हे मासेमारी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पक्षी बघायला येणारा मात्र घड्याळ लावून सकाळी सहाला पोचतो आणि भरतीचं पाणी बघून परततो.

चिखल्यांसारखे किनारपक्षी ओल्या रेतीतले आणि गाळातले किडे, शिंपले, बारीक खेकडे खातात. हे अन्न ओहोटीलाच उघडं पडतं. मोरजीला चापोरा नदीच्या मुखाशी हिवाळ्यात कुरवांचे आणि चिखल्यांचे मोठे थवे उतरतात. त्यातले काही हिमालयापलीकडे, तिबेटच्या पठारावर वीण करून आलेले असतात. एप्रिलच्या सुमारास परतायचं तर अंगात चरबी साठवावी लागते आणि त्यासाठी हातात असतात ते ओहोटीचे मोजके तास. अशा वेळी थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणी त्याच्याकडे धावत गेलं, कुणी कुत्रा सोडला, तर प्रत्येक उड्डाणात पक्ष्याची खायची वेळ आणि साठवलेली ताकद दोन्ही जातात. एकदा उडवल्याने पक्षी मरत नाही. पण दिवसभरात दहा टोळकी येऊन प्रत्येकी एकदा उडवत असतील तर तोच पक्षी प्रवासाला निघताना उपाशी असतो.

म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहून निघा आणि ओहोटी संपून पाणी चढू लागेल तेव्हा वाळूत बसा. पाणी वर सरकतं तसे पक्षीही किनाऱ्याकडे सरकतात. तुम्ही काहीही न करता ते जवळ येतात.

गाडीत बसूनही हे होतं. पक्षी माणसाची उभी आकृती ओळखतो, पण इंजिन बंद केलेल्या गाडीकडे तो फारसं लक्ष देत नाही. पणजीच्या पाटोहून रायबंदरला जाणारा जुना रस्ता, म्हणजे सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला तीनेक किलोमीटरचा पाँत द लिन्यारिश, खाडीच्या दलदलीतून आणि मिठागरांच्या पट्ट्यातून जातो. रहदारी असते, त्यामुळे गाडी कुठेही उभी करू नका. जिथे बाजूला घेता येते तिथे खिडकीच्या काचेवर तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की हात हलत नाही. ज्याला गाडीतून उतरायला त्रास होतो, त्याने उतरण्याची गरजच नाही.

बगळा पांढराफटक का येतो?

उपकरणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर मिळेल तितकं वाचायला आहे. नवशिक्याला अदलाबदल करायच्या लेन्सचा कॅमेरा लागतोच असं नाही. ज्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात, त्याची लेन्स पक्की बसवलेली असते आणि झूम प्रचंड असतो. २०१५ मध्ये आलेल्या निकॉन पी९०० या कॅमेऱ्याचा झूम ८३ पट आहे. त्याचा सेन्सर लहान असल्याने अंधाऱ्या रानात फोटो खरखरीत येतात, पण तळ्यावर उन्हात तो पुरेसा आहे आणि जुना घेतला तर परवडतोही. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइल टेकवूनही ओळख पटण्याइतका फोटो निघतो. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत सामान ठेवा.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो एका गोष्टीला, कारण गोव्यात प्रत्येक नवशिका तिथेच अडतो. शेतात बगळा उभा आहे, सुंदर ऊन आहे, फोटो काढला तर बगळ्याच्या जागी पांढरा डाग. एकही पीस दिसत नाही. असं का होतं?

कॅमेऱ्याला समोर बगळा आहे की पाणकावळा हे कळत नाही. तो फक्त चौकटीतला एकूण उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करडं दिसावं असा प्रयत्न करतो. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, नांगरलेल्या शेतात बगळा चौकटीचा छोटासा भाग व्यापतो, बाकी सगळा काळा चिखल. कॅमेऱ्याला वाटतं दृश्य फार काळोखी आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. चिखल करडा होतो आणि मुळातच पांढरा असलेला बगळा जळून जातो. जळलेल्या भागातली माहिती नंतर संगणकावरही परत आणता येत नाही.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-वजा चिन्हाचं बटण असतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर ते वजा ०.७ ते वजा १ वर न्या. उलट, पांढुरक्या आभाळासमोर फांदीवर बसलेला धनेश काळी सावली होऊन येतो, कारण आता कॅमेऱ्याला सगळं फार उजळ वाटतं. तिथे अधिक १ करा. आणि बगळा इतका जवळ आला की त्याने सगळी चौकटच भरली, तर मात्र कॅमेरा त्याला करडा करायला बघेल, म्हणून तिथेही थोडं अधिककडे न्यावं लागतं. मोबाइलमध्ये बगळ्यावर बोट टेकवून बाजूची उजेडाची पट्टी खाली ओढली तरी हेच काम होतं. पक्षी पांढरा की काळा याआधी त्याच्यामागे काय आहे ते बघायची सवय लावा.

बाकी नियम दोन-तीन ओळींचे आहेत. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग एवढा शटर वेग बहुधा पुरतो, उडत्याला दोन हजारावा लागतो. स्पष्टता पक्ष्याच्या डोळ्यावर साधा. दुपारच्या वेळी तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते, तेव्हा कितीही महाग लेन्स असली तरी लांबचा फोटो मऊच येतो. त्या वेळेत सावलीत बसून डबा खावा.

घरट्याजवळ जाऊ नका

पाऊस सुरू झाला की कोकणपट्टीत तिबोटी खंड्या घरटं करतो. जेमतेम तेरा सेंटिमीटरचा पक्षी, पण रंग असे की एकदा पाहिला की विसरत नाही: नारिंगी पोट, पिवळा गळा, पाठीवर निळा-जांभळा, चोच लालभडक. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बीळ खोदतो. पिल्लांसाठी पाली, सरडकुळ्या, बेडूक, खेकडे आणतो आणि बिळाबाहेरच्या ठरलेल्या एका फांदीवर क्षणभर टेकून आत शिरतो. ती फांदी एकदा कळली की तिच्यासमोर तिपाई लावून रांगेत बसणारे लोक निघतात. आई-बाप चोचीत पाल धरून लांबच्या झाडावर थांबतात. आपण बसलोय एका जागीच, तरीही इथे ते चुकीचं आहे, कारण पक्ष्याला दुसरीकडे जायचा पर्याय नसतो. त्याला त्याच बिळात शिरायचं असतं.

धनेशाचं तर याहून नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि काही महिने तिचं आणि पिल्लाचं खाणं पूर्णपणे नरावर अवलंबून असतं. नर बिचकला की आत दोघं उपाशी.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याबाबतीत कडक आहे आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते, ड्रोनची गोष्ट तर दूरच.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणं हेही टाळा. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला. तो सगळं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. आणि दुर्मीळ पक्ष्याचा, घुबडाच्या ढोलीचा, पाणमांजराच्या बिळाचा फोटो टाकताना गावाचं नाव लिहू नका. मोबाइल फोटोच्या आत ठिकाण आपोआप नोंदवतो, ते आधी काढून टाका. समुद्री कासवं मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. तिथे रात्री फ्लॅश आणि टॉर्च नकोच, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्र सोडून भलतीकडे जातात.

मग सगळ्यांसाठी म्हणजे काय?

परदेशात ही चर्चा गेल्या काही वर्षांत मोठी झाली. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाने एका गोऱ्या महिलेला कुत्र्याला साखळी घालायला सांगितलं आणि तिने त्याच्याविरुद्ध पोलिसांना फोन केला. त्यानंतर काही दिवसांतच कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकांचा पहिला सप्ताह साजरा झाला. बर्डेबिलिटी नावाची अमेरिकी संस्था अपंग पक्षीनिरीक्षकांसाठी नकाशा चालवते. त्यात कुणीही एखाद्या जागेची माहिती भरतो: वाट कशाची आहे, चढ किती, बाकडी आहेत का, शौचालय कसं आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिला पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी नीट पाहून लिहावं लागतं.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो आणि करमणुकीच्या जागाही सर्वांना वापरता याव्यात असं सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला महोत्सव झाला आणि दिव्यांगांना काय हवं हे त्यांच्याच तोंडून ऐकायची सवय गोव्याला लागू लागली. आता ती सवय रानात आणि तळ्याकाठी पोचायला हवी.

बारकावे साधे असतात, पण ते माहीत नसले की सगळं वाया जातं. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांब उतार. सहा इंचांच्या दोनच पायऱ्या आहेत म्हणून कुणी त्यांवर तीन फुटांची फळी टाकली, तर त्यावरून खुर्ची चढत नाही, उलटते. फळ्यांच्या वाटेवर फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या बसवल्या तर चाक आणि काठी फटीत अडकतात. पक्षी पाहायच्या आडोशाच्या भिंतीतली खिडकी बहुधा चार फुटांहून वर असते. खुर्चीत बसलेल्या माणसाला आणि दहा वर्षांच्या मुलाला तिथून सिमेंट दिसतं. तीन फुटांखाली एक आडवी फट ठेवली की दोघांचं काम होतं, आणि फोटो काढणाऱ्यालाही ती खालची पातळी मिळते. मचाण बांधायला जितका पैसा लागतो, त्याच्या अगदी थोड्या भागात चार बाकडी होतात.

दिसत नसलेल्यांसाठी पक्षीनिरीक्षण अशक्य आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जून-जुलैत सत्तरीत किंवा नेत्रावळीत पहाटे ओढ्याकाठी बसून पाहावं. शीळकरी कस्तूर माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा गातो. तांबटाची एकसुरी टुक-टुक, भारद्वाजाचा घुमणारा आवाज, झाडांवरून जाणाऱ्या महाधनेशाच्या पंखांचा भरारा: दाट रानात पक्षी दिसण्याआधी ऐकूच येतात, आणि नजर असलेल्यांनाही बहुतेक वेळा त्यावरच भागवावं लागतं. उरुग्वेचा जन्मांध हुआन पाब्लो कुलासो पक्ष्यांच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण करतो आणि शेकडो जाती कानाने ओळखतो. उलट, ऐकू न येणाऱ्यांसाठी मर्लिन या फुकट ॲपमध्ये आवाजाचं चित्र पडद्यावर सरकत जातं. कोणता पक्षी किती वेळाने ओरडतोय हे डोळ्यांनी दिसतं. सहलीचा गाईड तोंड फिरवून कुजबुजण्याऐवजी समोर वळून हाताने दिशा दाखवेल, तर तेवढ्यानेही फरक पडतो.

फोटो टाकणाऱ्या प्रत्येकाला आजच करता येईल अशी एक गोष्ट आहे: फोटोचं वर्णन लिहिणं. अंध वाचकाचा मोबाइल ते वाचून दाखवतो. "सुंदर पक्षी" असं लिहून काही कळत नाही. असं लिहून पाहा: "पावसात भिजलेल्या बारीक फांदीवर चिमणीएवढा पक्षी बसला आहे. पोट नारिंगी, पाठ निळी-जांभळी. डोक्याएवढी लांब लाल चोच आणि तिच्यात आडवी धरलेली पाल, शेपूट लोंबतंय. मागे सगळं हिरवं, धूसर." काय, केवढा, कुठे, काय करतोय, मागे काय, या क्रमाने लिहिलं की जमतं. हे लिहिताना फोटो आपल्यालाच नव्याने दिसतो. शिंपल्याचा तुकडा, शेपटीतलं तुटकं पीस असं काहीतरी पहिल्यांदा नजरेत येतं.

बायका-मुलींचा प्रश्न वेगळा आहे. पहाटे निर्जन बांधावर एकट्या बाईला भीती सापाची नसते. चार-पाच जणींनी मिळून ठरलेल्या जागी बसण्याची पद्धत इथेही उपयोगी पडते: घरी सांगता येतं, वेळ ठरलेली असते, गावातली माणसं ओळखू लागतात. जागा निवडताना जवळ शौचालय आहे का हे पुरुष आयोजक क्वचितच विचारतात. विचारायला हवं.

ज्यांचं रान आहे ती माणसं

गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. खोतीगाव, नेत्रावळीच्या परिसरात वेळिपांची वस्ती अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. सत्तरीत बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, लोकांनी देवाची म्हणून राखली, म्हणून तिथलं जायफळ कुळातल्या झाडांचं दलदलीचं रान आज शिल्लक आहे. कुंभारजुव्याच्या कालव्याच्या परिसरात पौषात चिखलाची मगर करून तिची पूजा होते. मगरीबरोबर एकाच पाण्यात राहणाऱ्यांनी ती परंपरा चालवली आहे. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचणाऱ्या बायकांना कुठला पक्षी कधी येतो हे ठाऊक असतं. तरी पक्षीसहलीत ही माणसं सामान उचलायला असतात आणि माहिती सांगायला बाहेरचा.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, विषप्रयोगाने. त्याआधी वाघांनी गुरं मारली होती. वाघ वाचवायचा तर त्याच्या शेजारी राहणाऱ्याची गाय, तिची भरपाई आणि ती किती लवकर मिळते, हेही वन्यजीव संरक्षणातच मोजावं लागेल. वाघाचा फोटो काढणाऱ्याने गोठ्यातल्या माणसाशीही बोलावं असं मला मनापासून वाटतं. गावातल्या कुणी पक्षी दाखवला असेल तर, त्याला चालत असेल तेव्हा, फोटोखाली त्याचं नाव लिहावं आणि वाटाड्या म्हणून पैसे द्यावेत, बाहेरच्या तज्ज्ञाला देतो तितकेच.

फोटोंचं पुढे काय करायचं?

या छंदात माणसं वाढली की काय होतं याची दोन उदाहरणं देतो. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो तीस हजारांहून अधिक हौशी लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदींवर उभा होता. त्यातून १७८ जाती तातडीने जपायला हव्यात असं पुढे आलं. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते. तिच्यासाठी किमान पंधरा मिनिटं, एका जागी बसूनही, दिसलेले आणि ऐकलेले पक्षी मोजायचे असतात. गॅलरीतून मोजलेले कावळे आणि शिपाई बुलबुल तिथे धनेशाइतकेच धरले जातात.

दुसरं उदाहरण मोलेचं. २०२० मध्ये रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि महामार्गाचं रुंदीकरण अशा तीन प्रकल्पांविरुद्ध गोव्यात आंदोलन उभं राहिलं. त्यात संशोधक होते, वकील होते, चित्रकार होते, गावकरी होते, आणि फुलपाखरांचे, बेडकांचे, पक्ष्यांचे फोटो घराघरांत पोचवणारी तरुण मुलंही होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

तुमच्या पंचायतीतही एक कमी वापरली जाणारी जागा आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या तळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली त्यांची नावं, कोण कुठल्या महिन्यात येतं, हे सगळं त्या वहीत जाऊ शकतं. सोबत ग्रामसभेत एक कागद द्या: तळ्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, वाट किती रुंद, बसायला जागा कुठे, सावली किती वाजेपर्यंत असते, शौचालय किती लांब, बस कुठे थांबते. लिहायच्या आधी ती वाट चाकाच्या खुर्चीवरच्या, काठी घेतलेल्या किंवा बाळाला कडेवर घेतलेल्या कुणाबरोबर तरी एकदा जाऊन बघा, आणि ते जिथे अडतील त्या जागेचा फोटो कागदाला जोडा.